हॅकर परिषदेत बर्प शिकवताना: चार तास, तीस माणसं आणि एक ज्यूस शॉप

सुरक्षा चाचणीची कार्यशाळा फसते ती बहुतेक वेळा पहिल्या पाऊण तासात. कुणाच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उठत नाही, कुणाला वाय-फाय मिळत नाही, कुणाचा ऑफिसचा लॅपटॉप नवं काही इन्स्टॉलच करू देत नाही, आणि शिकवणारा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत राहतो. ज्यांचं सगळं नीट चालू असतं ते तोवर कंटाळून शेजारच्या हॉलमधल्या भाषणाला निघून जातात. गोव्यात २०१० साली सुरू झालेली नलकॉन असो, लास व्हेगासची डेफकॉन असो की कॉलेजच्या लॅबमध्ये शनिवारी भरलेली छोटी बैठक असो, अडचणी याच असतात. त्यामुळे तयारीचा निम्म्याहून जास्त वेळ स्लाइडवर न घालवता मांडणीवर घालवावा.

हा लेख एका ठरावीक कार्यशाळेचा आहे. वेळ चार तास, माणसं तीस, साधन एकच: बर्प स्वीटची मोफत कम्युनिटी आवृत्ती. बर्प म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसून (प्रॉक्सी म्हणून) जाणारी-येणारी प्रत्येक रिक्वेस्ट दाखवणारं आणि अडवणारं साधन. सरावासाठी ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं ज्यूस शॉप, म्हणजे शिकण्यासाठी मुद्दाम भोकं ठेवून बांधलेलं ऑनलाइन दुकान. झॅप हे बर्पसारखंच दुसरं मोफत साधन वापरणार असाल तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडतं.

एकच साधन का

परिषदेला प्रस्ताव पाठवताना दहा साधनांची नावं लिहायचा मोह होतो. तो टाळा. चार तासांत दहा साधनं दाखवली तर लोकांच्या हाती फक्त दहा नावं लागतात. प्रस्तावात एक वाक्य असं लिहा की ते तपासता येईल: "कार्यशाळा संपताना प्रत्येकाला ब्राउझरमधून निघालेली एक रिक्वेस्ट अडवता येईल, ती बदलता येईल आणि आलेल्या रिस्पॉन्सवरून सर्व्हरनं काय तपासलं आणि काय तपासलं नाही हे सांगता येईल." या वाक्यात न बसणारं सगळं काढून टाका.

नवशिक्यांना पहिलं साधन म्हणून एनमॅप (नेटवर्कवरची यंत्रं आणि त्यांचे उघडे पोर्ट शोधणारं साधन) द्यावं असं अनेकांना वाटतं. ते १९९७ पासून आहे आणि प्रत्येकाला कधी ना कधी शिकावंच लागतं. पण पहिल्या वर्गासाठी ते अडचणीचं आहे. व्हर्च्युअल मशीन नॅटमागे, म्हणजे लॅपटॉपच्या पत्त्याआड लपलेलं, असेल तर निकाल भलतेच येतात. रूट अधिकार नसतील तर एनमॅप आपोआप स्कॅनची पद्धत बदलतं, आणि शेजारी बसलेल्या दोघांचे निकाल जुळत नाहीत. शिवाय पत्त्यातला एक आकडा चुकला की स्कॅन हॉटेलच्या बिलिंगच्या यंत्रणेवर जातो. बर्पमध्ये मात्र रिक्वेस्ट डोळ्यांसमोर थांबते. ती वाचता येते, बोट ठेवून दाखवता येते. शिकवायला यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही.

परवानगी आधी, सर्व्हर नंतर

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधल्या कलम ४३ आणि ६६ नुसार, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं दुसऱ्याच्या संगणकात विनापरवानगी शिरणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे पहिल्याच दहा मिनिटांत, आवाज न चढवता आणि न हसता सांगायचं. वर्गात बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घरी गेल्यावर त्याच रात्री कॉलेजच्या साइटवर हात चालवून पाहावासा वाटतो, आणि त्याला ते सांगण्याची जागा हीच आहे.

प्रत्येकाच्या हातात अर्ध्या पानाचा छापील कागद द्या. त्यावर सरावाच्या सर्व्हरचा पत्ता, चालणारे पोर्ट आणि एक ओळ: याबाहेर काहीही तपासायचं नाही. आयोजकांकडून आणि हॉटेलच्या नेटवर्क विभागाकडून स्वतःचा राउटर लावायची लेखी परवानगी किमान आठवडाभर आधी घ्या. ऐन वेळी कुणीतरी येऊन राउटरची वायर काढून नेली, तर तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

लॅब: सर्व्हर, नेटवर्क, वीज

प्रत्येकाच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन चालवायला लावू नका. व्हर्च्युअलायझेशन बायोसमध्ये बंद असतं, विंडोजमधलं हायपर-व्ही व्हर्च्युअलबॉक्सच्या आड येतं, आणि ॲपलच्या एम चिपवर इंटेलसाठी बनवलेली इमेज नीट चालत नाही. त्यापेक्षा सरावाचं दुकान तुमच्या एकाच यंत्रावर ठेवा. लोकांच्या लॅपटॉपवर फक्त बर्प लागेल असं पाहा.

सर्व्हर म्हणून ३२ जीबी रॅमचा लॅपटॉप किंवा मिनी पीसी पुरतो. त्यावर डॉकरमध्ये ज्यूस शॉपचे तीस कंटेनर (एकाच यंत्रावर स्वतंत्र चालणाऱ्या तीस प्रती), प्रत्येकाला अर्धा जीबी धरून चाला. ज्यूस शॉप आत ३००० या पोर्टवर ऐकतं. बाहेर ते ३००१ पासून ३०३० पर्यंत जोडा आणि पोर्टचे शेवटचे दोन आकडे हाच खुर्चीचा क्रमांक ठेवा. सतराव्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं दुकान ३०१७ वर. मदतनीसाला कुठल्या कंटेनरकडे बघायचं ते विचारावंसुद्धा लागत नाही.

सगळ्यांना मिळून एकच दुकान दिलं तर दोन गोष्टी बिघडतात. एकानं सोडवलेलं आव्हान सगळ्यांच्या स्कोअरबोर्डवर सुटलेलं दिसतं, आणि एखाद्यानं एखादी नोंद उडवली की बाकीचे एकोणतीस जण आपलंच काहीतरी चुकलं समजून बसतात. कंटेनर वेगळे असले की ज्याचा बिघडला त्याचाच पुन्हा सुरू करायचा. ज्यूस शॉप प्रत्येक वेळी डेटाबेस कोरा करून उठतं, त्यामुळे दुरुस्तीची गरजच पडत नाही. मात्र त्या माणसानं तयार केलेलं खातंही जातं, हे त्याला सांगा. नाहीतर तो पासवर्ड आठवत बसतो.

एक बारकावा. कुकी, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा, पोर्टनुसार वेगळ्या राहत नाहीत. पत्ता तोच असेल तर ३००५ ची कुकी ३०१७ लाही जाते. मदतनीसानं एकाच ब्राउझरमध्ये दोघांची दुकानं उघडली की लॉगिनची आणि सुटलेल्या आव्हानांची सरमिसळ होते. दुसऱ्याचं दुकान पाहायचं असेल तर खाजगी खिडकीत पाहा.

नेटवर्क तुमचंच हवं, आणि इंटरनेटशिवाय पूर्ण चाललं पाहिजे. परिषदेचं वाय-फाय दुपारी कोसळणार हे गृहीत धरा. एक राउटर, दोन ॲक्सेस पॉइंट (५ गिगाहर्ट्झवर, एकमेकांपासून दूरच्या चॅनलवर) आणि आठ पोर्टचा स्विच एवढं पुरे. सर्व्हर आणि तुमचा लॅपटॉप वायरनं जोडा. पत्त्यांची मालिका १०.७७.०.० सारखी आडवळणाची घ्या. १९२.१६८.१ ची मालिका हॉटेलच्या नेटवर्कशी टकरायची शक्यता असते, आणि १७२.१७ ही डॉकरची स्वतःची असते. ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन चालू ठेवा, म्हणजे शेजारी शेजाऱ्याच्या लॅपटॉपला हात लावू शकणार नाही. बहुतेक ॲक्सेस पॉइंटवर वायरवरचा सर्व्हर तरीही सगळ्यांना दिसतो, पण हे आदल्या दिवशी दोन लॅपटॉप घेऊन पडताळा.

इंटरनेट नसलेल्या वाय-फायवरून लॅपटॉप गुपचूप दुसऱ्या ओळखीच्या वाय-फायवर उडी मारतात. "आत्ता चालत होतं, आता पान उघडत नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आधी बाकीच्या नेटवर्कचं आपोआप जोडणं बंद करायला सांगा. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन बंदच होत नसेल, तर त्यात वेळ घालवू नका. तीन जादा लॅपटॉप तयार ठेवा आणि त्यातला एक द्या.

विजेचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून इथे करून ठेवतो. तीस लॅपटॉप, प्रत्येकी ६५ वॉट, म्हणजे १९५० वॉट. २३० व्होल्टवर हे साडेआठ ॲम्पियर होतात. हॉलमधलं साधं सॉकेट ६ ॲम्पियरचं असतं. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडत सगळे एकाच सॉकेटवर आणले तर ते तापतं किंवा एमसीबी पडतो. दहा-दहा जणांचे तीन गट करा आणि तीन बोर्ड तीन वेगळ्या सर्किटवर लावा. कुठलं सॉकेट कुठल्या सर्किटवर आहे हे हॉटेलच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. सर्व्हर चौथ्यावर. वायर टेपनं जमिनीला चिकटवा.

आधी पाठवायचा मेल

कार्यशाळेच्या दहा दिवस आधी आणि दोन दिवस आधी, असा दोनदा मेल जाऊ द्या. मजकूर छोटा: ८ जीबी रॅमचा स्वतःचा लॅपटॉप, ॲडमिन अधिकार, चार्जर, बर्प कम्युनिटी इन्स्टॉल केलेलं. मग एक काम सांगा: बर्प उघडा, प्रॉक्सीच्या टॅबमधून त्याचा स्वतःचा ब्राउझर उघडा, कुठलंही एक पान उघडा आणि एचटीटीपी हिस्टरीचा स्क्रीनशॉट उत्तरात पाठवा. ज्यांचे स्क्रीनशॉट आले त्यांची काळजी मिटली. बाकीच्यांची यादी मदतनीसांना द्या. त्यांना अर्धा तास लवकर बोलवा.

तरीही काही जण कोरे लॅपटॉप घेऊन येणारच. त्यांच्यासाठी विंडोज, लिनक्स आणि दोन्ही प्रकारच्या मॅकचे इन्स्टॉलर त्याच सर्व्हरवर एका साध्या पानावर ठेवा आणि सहा पेनड्राइव्हमध्येही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट ३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि पुढच्या वेळी काली लिनक्सची इमेज टाकायची झाली तर अडाल. फाइलचं शा-२५६ (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकड्या-अक्षरांचा ठसा) छापील कागदावर द्या. हॅकर परिषदेत अनोळखी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावायला लोक कचरतात आणि त्यांचं बरोबर आहे. पडताळणी कशी करायची ते दाखवणं हाही धडाच आहे.

पहिला तास: रिक्वेस्ट वाचणं

सुरुवातीची पंचवीस मिनिटं मांडणीला. प्रत्येकाला एक लाल आणि एक हिरवी चिकटपट्टी द्या. अडलं तर लाल लॅपटॉपच्या झाकणावर, झालं तर हिरवी. हात वर करून बसावं लागलं की लोक लाजतात आणि गप्प राहतात. चिकटपट्टी लावायला लाज वाटत नाही. दहा जणांमागे एक मदतनीस हवाच. मदतनीसांसाठी नियम एकच: समोरच्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं, टाइप त्यालाच करू द्यायचं.

लोक ज्यूस शॉपमध्ये खातं उघडतील तेव्हा सवयीनं आपला खरा ईमेल आणि खरा पासवर्ड टाकतात. ही लॅब साध्या एचटीटीपीवर चालते, म्हणजे हवेतून सगळं उघडं जातं. डेफकॉनमध्ये असे उघडे गेलेले पासवर्ड 'वॉल ऑफ शीप' नावाच्या फलकावर अर्धवट झाकून झळकतात. आधीच सांगा: ईमेलमध्ये खुर्चीचा क्रमांक, पासवर्ड कागदावर छापलेला.

बर्प उघडण्याआधी वीस मिनिटं ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब दाखवा. पहिली ओळ, हेडर, एक रिकामी ओळ, मग बॉडी. ती रिकामी ओळ महत्त्वाची आहे हे मुद्दाम सांगा. पुढे रिपीटरमध्ये (रिक्वेस्ट बदलून पुन्हा पुन्हा पाठवायचा बर्पचा भाग) कुणीतरी ती खोडतो आणि सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून बसून राहतो. बर्पचा पडदा पहिल्यांदा पाहणाऱ्याला विमानाच्या कॉकपिटसारखा वाटतो. रिक्वेस्ट आधी ओळखीची झाली असेल तर तो त्या सगळ्या बटणांतून नेमकी तीच शोधतो.

फॉन्ट वाढवा, निदान २० पर्यंत. रिक्वेस्ट दाखवायच्या खिडकीचा फॉन्ट सेटिंगमध्ये वेगळा असतो, तोही. उजेडाच्या हॉलमध्ये काळा रंग ठेवू नका. सत्र सुरू व्हायच्या आधी शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि कोलन व सेमीकोलनमधला फरक दिसतोय का ते पाहा.

अडवणं: शून्य तारे

बर्प स्वतःच्या यंत्रावर ८०८० पोर्टवर ऐकतं. फायरफॉक्समध्ये प्रॉक्सी घालून, सर्टिफिकेट इम्पोर्ट करून शिकवायची जुनी पद्धत आहे, पण पहिल्या वर्गात बर्पचा अंगभूत ब्राउझरच वापरा. ज्यांना फायरफॉक्सच हवा असतो ते स्वतःच्या यंत्रावरच्या दुकानाला जोडायला जातात आणि बर्पमध्ये काहीच दिसत नाही, कारण फायरफॉक्स लोकलहोस्टला मुळात प्रॉक्सीतून पाठवत नाही. त्यासाठी वेगळी सेटिंग बदलावी लागते.

पहिल्यांदा टार्गेटचा स्कोप लावायचा: फक्त सर्व्हरचा पत्ता. मग प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये फक्त स्कोपमधलंच अडवायचं असं सांगायचं. हे केलं नाही तर पुढचा अर्धा तास वाया जातो. आणि स्कोप लावूनही एक गोंधळ उरतोच. ज्यूस शॉप सूचना पाठवण्यासाठी सॉकेट-आयओ वापरतं, ते मागे सतत सर्व्हरशी बोलत असतं. इंटरसेप्ट (रिक्वेस्ट अडवायचं बटण) चालू केलं की आपल्याला हव्या त्या रिक्वेस्टआधी ह्याच येऊन उभ्या राहतात, आणि शिकणारा त्यांनाच आपली समजून बदलायला लागतो. म्हणून आधीच दाखवा: पहिल्या ओळीत सॉकेट-आयओ दिसलं की फॉरवर्ड दाबायचं, आपली येईपर्यंत.

पहिला सराव शून्य ताऱ्यांचा. ग्राहकाच्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये निदान एक तारा दिल्याशिवाय सबमिटचं बटण दाबता येत नाही. आधी लोकांना प्रयत्न करू द्या. मग तीन तारे द्यायला सांगा, खालचं कॅप्चाचं उत्तर भरायला सांगा, इंटरसेप्ट चालू, सबमिट. रिक्वेस्ट थांबते. बॉडीत रेटिंगसमोर ३ दिसतो. तो ० करा, फॉरवर्ड करा, इंटरसेप्ट बंद करा. दुकान मुकाट्यानं शून्य स्वीकारतं.

इथे थांबा आणि वर्गाला विचारा: बटण कुणी बंद केलं होतं? ब्राउझरनं. शून्य कुणी नाकारायला हवा होता? सर्व्हरनं. हा फरक लोकांच्या डोक्यात एकदा पक्का बसला की पुढची निम्मी वेब सुरक्षा त्यातूनच उलगडते. इथे घाई करू नका. दहा मिनिटं गेली तरी चालतील.

आणि पुढचा प्रश्न येणारच: "सर, पान नुसतं फिरतंय." इंटरसेप्ट चालू राहिलंय. दर वेळी हेच पहिलं तपासायचं.

मग चहा. पंधरा मिनिटं, आणि खरोखरच पंधरा.

रिपीटर: दुसऱ्याची टोपली

कार्यशाळेचा खरा गाभा हा. स्वतःच्या खात्यात एक वस्तू टोपलीत टाकायची, टोपली उघडायची, हिस्टरीत '/रेस्ट/बास्केट/' आणि शेवटी एक आकडा असलेली रिक्वेस्ट शोधायची. ती रिपीटरला पाठवायची. काही न बदलता एकदा सेंड करायची. हा पायंडा सुरुवातीपासून पाडा: आधी मूळ रिक्वेस्ट जशीच्या तशी चालते का पाहायचं, मग बदलायचं. नाहीतर बिघाड आपल्या बदलामुळे झाला की आधीपासूनच होता, ते कळत नाही.

निम्म्या वर्गाला इथे ३०४ असं उत्तर येतं आणि बॉडी रिकामी. कारण रिक्वेस्टमध्ये ब्राउझरनं इफ-नन-मॅच हे हेडर घातलेलं असतं. सर्व्हर म्हणतो, तुझ्याकडे आहे तेच आहे, नवं काही नाही. ती ओळ खोडून पुन्हा पाठवली की २०० येतो आणि टोपली दिसते. हे आधी सांगून ठेवू नका. ३०४ येऊ द्या, लोकांना हेडर वाचायला लावा आणि मग उलगडा करा.

आता शेवटचा आकडा १ करा. सेंड. दुसऱ्याच कुणाची तरी टोपली समोर. ऑथोरायझेशन हेडरमध्ये टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळालेलं ओळखपत्र, अजूनही तुमचंच आहे. म्हणजे सर्व्हरनं तुम्ही कोण हे पाहिलं, पण ही टोपली तुमची आहे का हे पाहिलं नाही. प्रत्येकाला हे वाक्य स्वतःच्या शब्दांत शेजाऱ्याला सांगायला लावा, मराठीत, हिंदीत, जमेल तसं. ज्याला सांगता येत नाही त्याला अजून कळलेलं नाही, आणि मदतनीसांनी तिथेच बसायचं.

यानंतर लॉगिन. ईमेलच्या रकान्यात फक्त एक एकेरी अवतरण चिन्ह टाकून पाठवायला सांगा. सर्व्हर ५०० देतो आणि रिस्पॉन्समध्ये एसक्यूलाइट या डेटाबेसची चूक दिसते. ती चूक सगळ्यांनी मोठ्यानं वाचायची; त्यात क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, आकारच दिसतो. मग फळ्यावर ती क्वेरी लिहा आणि अवतरण चिन्हामुळे वाक्य कुठे तुटलं ते खडूनं दाखवा. त्यानंतरच पुढचं: अवतरण चिन्ह, 'ऑर', एक बरोबर एक, आणि दोन आडव्या रेघा. त्या दोन रेघांमुळे पासवर्ड तपासणारा भाग शेरा बनून गळून पडतो. लोक आत शिरतात ते ॲडमिन म्हणून, कारण सगळ्या नोंदींमध्ये पहिली त्याची आहे. इथे टाळ्या पडतात. पडू द्या, आणि लगेच पॅरामीटराइज्ड क्वेरी (टाइप केलेला मजकूर क्वेरीचा भाग न बनता वेगळा पाठवणारी) लिहून तीच युक्ती का चालणार नाही ते दाखवा. भारतातल्या नल या सुरक्षा समुदायाच्या बैठकांत हाताळून करायच्या सत्रांना 'हमला' आणि 'बचाव' अशी नावं आहेत. एकाच वर्गात दोन्ही व्हायला हवीत.

इंट्रूडर (यादीतली एकेक किंमत घालून रिक्वेस्ट आपोआप पाठवणारा बर्पचा भाग) दाखवायचं असेल तर पासवर्डची यादी वीस शब्दांचीच ठेवा. कम्युनिटी आवृत्तीत त्याचा वेग मुद्दाम कमी केलेला आहे. हजार शब्द दिले तर वर्ग पडद्याकडे बघत बसेल. कम्युनिटीत प्रोजेक्ट सेव्ह होत नाही, हेही इथेच सांगा. लॅपटॉप बंद झाला की हिस्टरी गेली. महत्त्वाची रिक्वेस्ट वहीत किंवा साध्या फाइलमध्ये चिकटवून ठेवायची सवय लावा.

शेवटचा अर्धा तास

प्रत्येकानं टोपलीच्या भोकाचा अर्ध्या पानाचा अहवाल लिहायचा. कुठे सापडलं, कुठल्या पायऱ्यांनी पुन्हा दाखवता येतं, कुणाचं काय नुकसान होतं, दुरुस्ती काय. मग कागद शेजाऱ्याला द्यायचा आणि शेजाऱ्यानं फक्त कागद वाचून ते पुन्हा करून दाखवायचं. बहुतेकांच्या अहवालात लॉगिन करायची पायरीच राहिलेली असते. शेजारी अडतो, आणि लिहिणाऱ्याला आपलं काय सुटलं ते ताबडतोब कळतं.

निघण्यापूर्वी सगळ्यांकडून दोन गोष्टी करून घ्या. ज्यांनी फायरफॉक्समध्ये प्रॉक्सी घातली होती त्यांनी ती काढायची, नाहीतर घरी बर्प बंद असताना एकही पान उघडणार नाही. आणि ज्यांनी बर्पचं सर्टिफिकेट इम्पोर्ट केलं होतं त्यांनी तेही काढायचं. त्याची खाजगी किल्ली त्याच लॅपटॉपवर असते. ती कुणाच्या हाती लागली तर तो ब्राउझर त्याच्या बनावट साइटवरही विश्वास ठेवेल. मग सर्व्हरवरचे तीसही कंटेनर पुसा, राउटरचा पासवर्ड बदला आणि चिकटपट्ट्या गोळा करताना पाहा की शेवटच्या तासात लाल कुठे कुठे लागल्या होत्या. पुढच्या कार्यशाळेचा आराखडा त्याच खुर्च्यांपासून सुरू करा.